अर्जदार मी, चौकशी अधिकारीही मीच

मा. सरचिटणीस, अभियंता संघ, मध्यवर्ती कार्यालय यांस,
म्हणजेच चि. भोंग्यास,

आजीव सभासद क्रमांक चारशे बारा हिचा रीतसर नमस्कार आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. दोन्हींची आवक स्वतंत्रपणे नोंदवावी. आपली प्रकृती ठणठणीत असावी, असे मी गृहीत धरते. गृहीत धरावे लागते, कारण गेल्या सात महिन्यांत आपल्याकडून आलेल्या पाच पत्रांत जावक क्रमांक पाच आहेत आणि खुशाली एकही नाही. (तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तिला कठडा धरायला सांग. तुमच्या जिन्याचा कठडा चार सेंटिमीटर बुटका आहे, हे मी तुम्ही राहायला गेलात त्याच दिवशी सांगितले होते. तेव्हा तू मला पाहुण्यांसमोर चहा आणून दिलास आणि विषय बदललास.)

पत्राच्या वाचनाविषयी एक सूचना. हे पत्र सरचिटणिसांना आहे, म्हणून त्यात मी 'आपण' म्हणणार. कंस मात्र माझ्या धाकट्या भावाला आहेत. कार्यकारिणीपुढे वाचून दाखवण्याची वेळ आली, तर कंस गाळून वाचावे. (आणि 'भोंग्या' हेही गाळ. लहानपणी तू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा रडायचास, हे कार्यकारिणीला ठाऊक नसेल. तुझी भाषणे ऐकून त्यांना अंदाज आला असेल, ते वेगळे.)

प्रथम वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने. कारण आपल्या कार्यालयात घटनांचा क्रम फायलीतल्या कागदांवरून ठरतो, आणि फायलीतल्या कागदांचा क्रम पंखा ठरवतो. एक, मी सव्वीस वर्षे पुलांचे आराखडे करत आले आहे. दोन, गेली दोन वर्षे मी या देशात नोकरी करते. तीन, इथल्या परवाना कचेरीचा नियम असा, की परदेशातून आलेल्या अभियंत्याला आराखड्यावर 'जबाबदार अभियंता' म्हणून सही करायची असेल, तर त्याच्या मायदेशातल्या संघाचे शाईच्या सहीचे शिफारसपत्र लागते. चार, ते येईपर्यंत माझा अधिकृत हुद्दा 'सहायक आरेखक' असा आहे. म्हणजे मी रेघा मारू शकते, पण त्या रेघा माझ्या आहेत असे म्हणू शकत नाही. पाच, इथल्या एका रुग्णालयाच्या दोन इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारा अठरा मीटर लांबीचा बंदिस्त पूल मी आखला आहे. आजवर मी आखलेल्या पुलांत तो सर्वांत लहान आणि सर्वांत निर्दोष आहे. सहा, शिफारसपत्र या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत पोचले नाही, तर त्या पुलावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांची सही होईल. सात, या गृहस्थांना सगळी कचेरी 'अंदाजे' म्हणते. आठ, आज चार तारीख आहे.

वस्तुस्थिती संपली. आता गाऱ्हाणे.

सात महिन्यांपूर्वी मी शिफारसपत्रासाठी अर्ज केला. उत्तरादाखल संघाने प्रथम एक पुस्तिका पाठवली: 'परदेशस्थ सभासद: संघ आपल्या पाठीशी'. मुखपृष्ठावर पृथ्वीच्या गोलासमोर दोन अभियंते हस्तांदोलन करत आहेत आणि त्यांतल्या एकाने शिरस्त्राण उलटे घातले आहे. (जो माणूस स्वतःचे डोके कोणत्या बाजूला आहे हे जाणत नाही, तो माझ्या पाठीशी उभा राहून काय करणार?) त्यानंतर एक पुठ्ठ्याचे खोके आले. त्यात संघाचा बोधचिन्हांकित टाय होता. मी स्त्री असल्याची नोंद संघाच्या दप्तरी सव्वीस वर्षे आहे. टायचा रंग बरा आहे, शिवण तिरकी आहे. मी त्याने नकाशांची गुंडाळी बांधते, आणि तेवढ्यापुरता संघ खरोखरच माझ्या उपयोगी पडला, असे प्रामाणिकपणे नमूद करते.

पुस्तिकेच्या नवव्या पानावर 'परदेशस्थ सभासद साहाय्यवाणी' आहे. तिचा दूरध्वनी क्रमांक पुस्तिकेत तीन ठिकाणी दिला आहे आणि तिन्ही ठिकाणी निराळा आहे. पहिल्यावर एका गृहस्थांनी मला गाद्या किती हव्यात ते विचारले. दुसरा कुणी उचलला नाही. तिसरा शिपाईमामांनी उचलला, आणि त्यांचा आवाज ऐकून मला, का कोण जाणे, खुर्चीवर नीट बसावेसे वाटले.

"ताई होय! लांबून बोलताय ना? आवाज घुमतोय."

"मामा, ही साहाय्यवाणीच ना?"

"साहाय्यवाणीच. आधी खालच्या चहाच्या खोलीचा फोन होता, आता साहाय्यवाणी केलाय. बोला."

"सरचिटणीस आहेत का?"

"साहेब बैठकीत आहेत."

"कसली बैठक?"

"परदेशातल्या सभासदांना मदत कशी करायची, त्याची. आज तिसरा दिवस."

"मग आत जाऊन सांगा ना, परदेशातली सभासद फोनवर आहे."

"नको ताई. मध्येच कुणी गेलं की चर्चा तुटते म्हणतात. सांगा, तुम्ही जेवलात का?"

सात महिन्यांत संघाने मला विचारलेला आणि सभासदाच्या हिताशी थेट संबंध असलेला हा एकमेव प्रश्न होय. शिपाईमामांना साहाय्यवाणीचे प्रमुख नेमावे, अशी माझी लेखी शिफारस आहे. (नाहीतरी फोन तेच उचलतात.)

त्यानंतर आपले चौथे पत्र आले. त्यात म्हटले होते, की माझा अर्ज 'त्या देशातील संघाच्या स्थानिक प्रतिनिधींकडे' चौकशीसाठी पाठवला असून प्रतिनिधी माझ्याशी स्वतः संपर्क साधतील. मला हायसे वाटले. या परक्या मुलुखात आपल्या संघाचे दुसरे कुणीतरी आहे, हे ऐकून मी घर आवरले, कपबशांचा जोड बाहेर काढला आणि तीन आठवडे वाट पाहिली. प्रतिनिधी फिरकले नाहीत. मग मी त्यांना संघाच्या पत्त्यावर एक खरमरीत पत्र लिहिले. त्यात 'निष्क्रिय', 'बेफिकीर' आणि 'अशा माणसाला पद देणाऱ्याची कीव येते' असे शब्द होते. पत्र उत्तम उतरले होते. मी त्याची प्रत ठेवली आहे.

एकवीस दिवसांनी माझ्या दारात एक जाडजूड पाकीट पडले. वर लिहिले होते: 'मा. स्थानिक प्रतिनिधी'. खाली पत्ता माझा होता. टपालवाल्याची चूक समजून मी ते परत करायला धावले, पण तो कोपऱ्यावरून वळला होता. पाकीट उघडले. आत माझा अर्ज होता. त्याखाली माझे खरमरीत पत्र होते, आणि त्यावर आपल्या हस्ताक्षरात शेरा होता: 'सदर सभासदाच्या तक्रारीबाबत प्रतिनिधींनी पंधरा दिवसांत खुलासा करावा.'

भोंग्या, मी त्या वेळी दारातच बसले. (हे वाक्य कंसात हवे होते.)

नंतर उलगडा झाला तो असा. गेल्या वार्षिक सभेत आपण 'प्रत्येक देशात एक प्रतिनिधी' हा ठराव मांडलात. या देशात संघाची एकच सभासद आहे, ती मी. म्हणून आपण मलाच नेमलेत. नेमणुकीचे पत्र टायच्या खोक्यात होते, पुठ्ठ्याच्या खालच्या थरात. मी टाय पाहून इतकी संतापले, की पुठ्ठा उचलून पाहिला नाही. खोक्याला दोन थर असू शकतात, हे ओळखणे अभियंत्याचे काम आहे. ते मी केले नाही. (हे वाक्य एकदाच वाचायचे. बायकोला वाचून दाखवायचे नाही.)

कचेरीत मी हा प्रकार केवळ माहितीसाठी सांगितला. श्री. अंदाजे आनंदाने उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अहो मग झालंच की! करा सही आणि व्हा मोकळ्या!" मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ते बसले. ज्या माणसाला आपल्याच अर्जावर न वाचता सही करता येते, त्याला पुलावर सही करू द्यावी का? पुस्तिकेतले चौथे प्रकरण स्पष्ट आहे. प्रतिनिधीने अर्जदाराची समक्ष मुलाखत घ्यावी, ती पंचेचाळीस मिनिटांहून कमी नसावी. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन, जणू आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा नजरेने, पाहणी करावी. तीन सहकाऱ्यांची मते घ्यावीत. आणि अर्जदाराच्या वर्तणुकीविषयी, त्याला किमान पाच वर्षे ओळखणाऱ्या आणि त्याची नातेवाईक नसलेल्या व्यक्तीचा लेखी अभिप्राय घ्यावा. हे नियम वाचताना माझ्या मनात आले, की लिहिणारी व्यक्ती व्यासंगी आहे, वाक्यरचना भक्कम आहे, पण हिला आयुष्यात कुणाकडून साधा रहिवासाचा दाखलाही मिळवावा लागलेला नसणार. मग शेवटच्या पानावर नियम उपसमितीची नावे पाहिली. अध्यक्ष मी होते. अकरा वर्षांपूर्वी मीच म्हटले होते, की नियमांची जाळी इतकी बारीक हवी की त्यातून एकही नालायक माणूस आत येऊ नये. तशी ती झाली आहे. सात महिन्यांत कुणीच आत आलेले नाही.

मुलाखत रविवारी सकाळी दहाला, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. दाराकडची खुर्ची प्रतिनिधीची, खिडकीकडची अर्जदाराची. प्रतिनिधी चार मिनिटे आधी येऊन बसल्या. अर्जदार बरोबर दहाला आली. प्रतिनिधींनी 'वेळेआधी येण्याची सवय नाही' अशी नोंद केली. प्रश्न विचारून झाला, की मी टेबलाला वळसा घालून पलीकडे बसायची आणि उत्तर द्यायची. मग पुन्हा वळसा घालून उत्तर लिहून घ्यायची. (मनातल्या मनात करता आले असते, असे तू म्हणशील. नियमात 'समक्ष' असा शब्द आहे.)

सव्वादहाला घरमालकीणबाई गळका नळ पाहायला आल्या. त्यांच्याकडे किल्ली असते आणि संकोच नसतो. त्या थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या, मग तिसरी खुर्ची ओढून बसल्या. माझी अपेक्षा होती, की त्या डॉक्टरांना बोलावतील. पण दोन-तीन प्रश्न झाल्यावर त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मला विचाराल तर, ही दुसरी जरा उद्धट वाटते."

"कोणती?"

"ही खिडकीकडची. तुम्ही दाराकडे बसता ना, तेव्हा बऱ्या वाटता. निदान ऐकून तरी घेता."

मी त्यांना शांत राहण्याची समज दिली आणि पुढचा प्रश्न विचारला: सव्वीस वर्षांच्या कारकिर्दीतली एखादी चूक सांगा. वळसा घालून गेले, बसले, विचार केला आणि उत्तर दिले: आठवत नाही. वळसा घालून परत आले आणि लिहिले: 'स्मरणशक्ती कमकुवत.' घरमालकीणबाईंनी टाळी वाजवली. मुलाखत सत्तेचाळीस मिनिटे चालली. नळ अजून गळतो आहे.

दुसऱ्या दिवशी कामाच्या जागेची पाहणी. पूल अजून कागदावरच आहे, पण रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे पुलाचे दार येणार, तिथे लादीवर पिवळ्या रंगाने खुणा केल्या आहेत. त्या खुणा मी स्वतः तीनदा तपासल्या होत्या. परंतु नियमात 'जणू काहीच ठाऊक नाही' असे आहे, आणि काहीच ठाऊक नसलेला माणूस त्या पुलावरून दोनच प्रकारे जाईल: चालत किंवा आडवा. चालून झाले होते. तेव्हा मी वॉर्डातल्या मदतनिसाला, म्हणजे दिवसभर रुग्णांच्या गाड्या ढकलणाऱ्या एका आडव्या बांध्याच्या गृहस्थांना, विनंती केली, की मला गाडीवर घालून लिफ्टपासून त्या दारापर्यंत न्यावे. त्यांनी कारण विचारले नाही. बहुधा त्या इमारतीत कारण विचारायची पद्धत नसावी. सलाइनचा खांब लावू का, एवढेच विचारले. मी म्हटले, नियमाप्रमाणे सगळे लावा.

आडवे होऊन जग निराळे दिसते. छतावरच्या दिव्यांचे अंतर असमान आहे. समोरून आलेल्या एक आजीबाई मला पाहून, "होईल हो बरं," असे म्हणून गेल्या. मी त्यांना मी प्रतिनिधी असल्याचे सांगणार होते, तोच गाडी वळणावर आली, खांब भिंतीला थडकला, आणि आम्ही थांबलो. मदतनिसांनी गाडी मागे घेतली, पुन्हा वळवली. पुन्हा थडकली.

"बाई, इथं वळायची नाही."

मी झोपल्या झोपल्या म्हटले, "वळते. मी आखलं आहे. कागदावर वळते."

"कागदावर वळेल हो. कागदावर मी कुठं असतो?"

मी उठून बसले. मागे पाहिले. गृहस्थ भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अडकले होते, पोट आत घेऊन, तक्रार न करता. मी गाडीची लांबी मिलिमीटरपर्यंत मोजली होती. गाडी ढकलणारा माणूस मोजला नव्हता. खिशातून फीत काढून मी तिथल्या तिथे मोजले. जागा त्रेचाळीस सेंटिमीटर कमी पडत होती.

यातली खरी टोचणी निराळी आहे, आणि ती सरचिटणिसांनाच सांगते आहे, भावाला नव्हे. दोन महिन्यांपूर्वी श्री. अंदाजे यांनी त्याच वळणावर बोट ठेवून म्हटले होते, "इथे हातभर जागा जास्त ठेवू या का?" मी त्यांच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहिले होते: 'हातभर हे माप नाही.' पाहणी झाली त्या संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन त्यांना हात पुढे करायला सांगितला आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजला. चव्वेचाळीस सेंटिमीटर. मी म्हणाले, "हातभर बरोबर होते." त्यांनी मागे वळून पाहिले, मी कुणाशी बोलते आहे ते बघायला. दार आता सरकवले आहे. आराखडा नव्याने काढला, त्या बाजूची तुळई पुन्हा तपासली, आणि मदतनिसांना गाडीसकट, खांबासकट, पोट सैल सोडून वळवून पाहिले. वळतात.

उरली सहकाऱ्यांची मते. आमचे विभागप्रमुख, वयाने माझ्या निम्मे, म्हणाले, "कामाला अगदी चोख. फक्त बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची कुणी घेत नाही." स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, की त्या तोंडी काहीही सांगतील, पण लेखी देणार नाहीत. त्यांनी तोंडी सांगितले. ते मी लेखी देणार नाही. श्री. अंदाजे मात्र गोंधळले.

"त्यांच्यासमोरच सांगू?"

"मी इथे प्रतिनिधी म्हणून बसले आहे."

"बरं. पण मग त्यांना सांगू नका हं." ते जरा पुढे सरकले. "अकरा वेळा त्यांनी माझा आराखडा परत केला. बारावा ठेवून घेतला, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, पास झालो. याआधी माझं कुणी परतच करत नव्हतं. कुणी वाचतच नव्हतं ना! पण एक आहे. त्या 'चूक' म्हणतात तेव्हा चूकच असते. 'बरोबर' असं मात्र त्यांनी आयुष्यात परवा पहिल्यांदा म्हटलं. थोडं आधी म्हणाल्या असत्या, तर मी जास्त चुका केल्या नसत्या."

या शेवटच्या वाक्यात तर्कदोष आहे. मी तो दाखवला नाही. (दोन दिवस झाले तरी दाखवलेला नाही.)

स्थानिक प्रतिनिधी या नात्याने माझा अहवाल सोबत जोडला आहे. त्याचा सारांश: तांत्रिक पात्रता, दुरुस्तीनंतर, समाधानकारक. मुलाखत, कंटाळवाणी. वर्तणूक, अभिप्राय अप्राप्त. कारण इथले सहकारी अर्जदाराला दोनच वर्षे ओळखतात आणि नियम पाच वर्षांचा आहे. सबब अर्ज अपूर्ण असून तो फेटाळावा. अर्जदार या नात्याने मी या अहवालाविरुद्ध आपल्याकडे याच पत्राद्वारे अपील करत आहे. प्रतिनिधी आपल्या मतावर ठाम आहेत. अर्जदारही आहे. दोघींशी स्वतंत्र पत्रव्यवहार करावा.

आता आपल्या त्या बैठकीसाठी, ती अजून चालू असल्यास, चार शब्द. परदेशातल्या सभासदाला टाय नको असतो. तो परक्या कचेरीत जातो तेव्हा त्याची सव्वीस वर्षे दाराबाहेर राहतात. आत जाते ती फक्त सही, आणि तिलाही कुणी ओळखत नाही. संघाने एवढेच करावे, की 'होय, ही आमची आहे, हिचे काम आम्ही पाहिले आहे' हे एक वाक्य वेळेवर, शाईने, योग्य पत्त्यावर पाठवावे. आणि त्याला एक असा माणूस द्यावा, जो त्याचे काम परक्याच्या नजरेने पाहील. तो माणूस तो स्वतः नसावा, एवढी काळजी घ्यावी. मला तो योगायोगाने लाभला, पण प्रत्येकाला स्वतःच्याच भोवती वळसे घालणे जमेल असे नाही. नियमांचे चौथे प्रकरण रद्द करून नव्याने लिहावे. मी लिहिणार नाही. (मसुदा तयार आहे, मागितलास तर पाठवीन.)

अपिलाचा निकाल देताना आपण माझे भाऊ आहात, हे पूर्णपणे विसरावे. नात्याच्या ओशाळगतीतून मिळालेले शिफारसपत्र मी टायबरोबर परत पाठवीन. जे योग्य तेच घडावे, विरुद्ध घडले तरी ते मी ताठ मानेने स्वीकारीन, आणि माझ्या पुलावर अंदाजे यांची सही पाहून, ती सरळ रेघेत आहे की नाही, एवढेच तपासीन.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर हात, आणि कार्यकारिणीला योग्य ते.

आपली विश्वासू, आणि तुझी,
ताई
(आजीव सभासद क्र. ४१२, तसेच स्थानिक प्रतिनिधी)

ता. क. एक. टपालाला इकडून तिकडे नऊ दिवस लागतात. हे पत्र आपल्याला तेरा तारखेला मिळेल. उत्तर एकोणीसला टपालात पडले, तर अठ्ठावीसला इथे पोचेल. म्हणजे निःपक्षपाती विचारासाठी आपल्याकडे सहा दिवस आहेत. (त्यातला एक तू पत्र कुठे ठेवलेस ते शोधण्यात घालवशील. तेव्हा पाच.)

ता. क. दोन. आपला वेळ वाचावा म्हणून अपील मंजूर करून माझी शिफारस केल्याचे पत्र मीच टंकलिखित करून, तीन प्रतींत, आपल्या नावाने सोबत जोडले आहे. आपण फक्त सही करावी. तिसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची एक चूक मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे ते संघाच्या कार्यालयातूनच निघाले आहे याबद्दल कुणाला शंका येणार नाही. ती चूक ठेवताना मला फार त्रास झाला आहे. कृपया दुरुस्त करू नये.

ता. क. तीन. त्या पत्रात वर्तणुकीचा रकाना कोरा आहे. मला पाच वर्षांहून अधिक ओळखणाऱ्यांची यादी मी करून पाहिली. त्रेपन्न नावे झाली. त्यांतल्या एकेचाळीस जणांचे आराखडे मी परत केले होते. उरलेल्या बारांत नऊ निवृत्त होऊन कुठे गेले ते कळत नाही, आणि तिघांना पत्र लिहायला मला धीर होत नाही. तू मला अठ्ठेचाळीस वर्षे ओळखतोस. नातेवाईक चालत नाही, हा नियम माझाच; पण त्याच प्रकरणाच्या शेवटी, अपवादात्मक प्रसंगी प्रतिनिधीला एक नियम शिथिल करता येईल, असेही मीच लिहून ठेवले आहे. तो अधिकार मी काल वापरला. कारणाच्या रकान्यात 'दुसरे कुणी नाही' असे लिहिले आहे.

एक ओळ पुरे. मजकूर मी दिलेला नाही. 'चोख' हा शब्द नको, तो झाला आहे. खरे तेच लिही. अर्जदाराने हा रकाना वाचायचा नसतो, तसा नियम आहे. पण प्रतिनिधीला वाचावाच लागतो. फोन करू नकोस. फोनवर तू काहीतरी गमतीचे बोलशील, मी रागावेन, आणि रकाना कोरा राहील. उत्तर लेखी हवे आहे.